९६० जीबीची डिस्क १ टीबीपेक्षा लहान असते राव: एका सर्व्हर रिस्टोअरचं पूर्ण प्रकरण

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री, नाव घेत नाही. एकच सर्व्हर, त्याच्यावर डोमेन कंट्रोलर (सगळ्या पीसींची लॉगिन सांभाळणारा), फाइल शेअरिंग, ईआरपीचा (कारखान्याचा व्यवहार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) एसक्यूएल डेटाबेस आणि टॅली, म्हणजे सगळी अंडी एकाच टोपलीत. विंडोज सर्व्हर २०१२ आर२. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला बंद केला, हे मी मालकांना दोनदा मेलवर आणि एकदा चहा पिताना सांगितलं होतं. उत्तर ठरलेलं, "चालतंय की ओ, कशाला हात लावायचा."

१५ जून २०२४, शनिवार, संध्याकाळी पाचच्या सुमारास फोन आला की ईआरपी अडकलंय आणि सर्व्हर ओरडतोय. मी पोचेपर्यंत साडेसहा. सर्व्हर स्टोअरच्या मागच्या खोलीत, समोर कोअर बॉक्सचे पुठ्ठे रचलेले. फाउंड्रीत सगळीकडे काळी बारीक धूळ असते, ती पुढच्या जाळीवर अशी बसलेली की बोट फिरवलं तर रेघ उठत होती. जाळी काढली तर एका डिस्कचा दिवा बंद आणि दुसरीचा पिवळा. रेड १ होतं, म्हणजे दोन डिस्कवर एकच डेटा, त्यातली एक डिस्क कधीतरी मार्चमध्येच गेली होती (डिस्क सांभाळणाऱ्या रेड कंट्रोलरच्या लॉगमध्ये तारीख होती), तेव्हापासून गाडी एका चाकावर चालत होती आणि पुठ्ठ्यांमुळे तो दिवा कुणाला दिसलाच नाही. ईमेल अलर्ट लावला होता, पण तो ज्या मेल आयडीवर जायचा तो माणूस नोकरी सोडून गेलेला. आता दुसरी पण गेली. आमच्या ज्युनियरने तेवढ्यात कंट्रोलरच्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. तेव्हा मला ते उगाच वाटलं होतं. पुढे कळेलच.

जमेची बाजू एकच, बॅकअप होता. विंडोज सर्व्हर बॅकअपचा बेअर मेटल बॅकअप (रिकाम्या मशीनवर अख्खी विंडोज परत उभी करता येईल असा) रोज रात्री ९ ला २ टीबीच्या यूएसबी डिस्कवर जायचा. आणि हार्डवेअर पण होतं, एक रिफर्बिश्ड टॉवर सर्व्हर मागच्या वर्षी घेऊन ठेवलेला, २०१७ च्या आसपासचा, नव्या ईआरपीसाठी म्हणून आणला आणि तो प्रोजेक्ट बारगळला तसा खोक्यातच पडून राहिला. त्यात ९६० जीबीच्या दोन एसएसडी. मी मनात म्हटलं, रविवारी सकाळी बसायचं, दुपारी घरी जेवायला.

सुरुवातीलाच एक शहाणपणाचं काम केलं ते सांगतो. बॅकअपची डिस्क आधी माझ्या लॅपटॉपला लावली. विंडोजइमेजबॅकअप फोल्डरमध्ये प्रत्येक व्हॉल्यूमची एक व्हीएचडीएक्स फाइल असते, म्हणजे फाइलमध्ये बंद केलेली डिस्क, ती डिस्कपार्ट या कमांडमधून रीड-ओन्ली अटॅच केली आणि टॅलीचा डेटा आणि ईआरपीचे चलन फॉरमॅट काढून घेतले. डबल-क्लिक करून उघडू नका, तसं केलं की ती रीड-राइट माउंट होते आणि तुमच्याकडे असलेल्या एकुलत्या एक बॅकअपवर विंडोज काहीबाही लिहायला मोकळं. हे झाल्यावर मालकांना सांगितलं की डेटा सुखरूप आहे, शनिवारच्या दिवसाच्या एंट्र्या तेवढ्या परत माराव्या लागतील. त्यांचा आवाज एकदम खाली आला. माझाही.

रविवारी सकाळी २०१२ आर२ चा पेनड्राइव्ह लावून रिकव्हरीत गेलो. पहिला गोंधळ तारखेचा. सिस्टम इमेज रिकव्हरीची खिडकी सांगते बॅकअप १४ जून सकाळी ८:३० चा आहे. आता आमचा बॅकअप रात्री ९ चा, मग हा सकाळचा कुठला? कमांड प्रॉम्प्टवर डब्ल्यूबीअॅडमिन या बॅकअपच्या कमांडला व्हर्जन विचारली तर तो म्हणतो १५:३०. ज्युनियर म्हणाला, "दादा, दोन वेगवेगळे बॅकअप आहेत काय?" नाही. व्हर्जन आयडेंटिफायर ग्रीनिच टाइममध्ये लिहिलेला असतो, त्यात साडेपाच तास मिळवा, रात्रीचे ९ होतात. आणि रिकव्हरीची खिडकी अमेरिकेच्या पॅसिफिक टाइमझोनवर उठते म्हणून तिथे सकाळचे साडेआठ. बॅकअप एकच.

नेक्स्ट दाबलं तर पहिली एरर: सिस्टम इमेज बायॉसच्या कॉम्प्युटरवर बनलीय, हा कॉम्प्युटर ईएफआय वापरतोय, वेगळ्या फर्मवेअरवर रिस्टोअर होणार नाही. हे निदान स्वच्छ मराठीत सांगावं तसं स्पष्ट आहे. बायॉस आणि ईएफआय (यूईएफआय) म्हणजे मशीन उठवायच्या जुन्या आणि नव्या पद्धती, एमबीआर आणि जीपीटी म्हणजे त्यांच्या जोडीने येणाऱ्या, डिस्कवर पार्टिशन मांडायच्या पद्धती. जुना सर्व्हर लेगसी बायॉस आणि एमबीआर पार्टिशन, नवा फॅक्टरीतून यूईएफआयवर. सेटिंगमध्ये जाऊन बूट मोड लेगसी केला. पण मग पेनड्राइव्हच बूट होईना, कारण तो मी जीपीटी-यूईएफआय असा बनवला होता. परत बनवला. अर्धा तास गेला. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की मशीन आणि पेनड्राइव्ह दोन्ही जुन्या पद्धतीने उठले पाहिजेत, एकट्या सर्व्हरचं सेटिंग बदलून भागत नाही.

मग पुढची पायरी, डिस्कपार्टमध्ये लिस्ट डिस्क केलं तर फक्त यूएसबी डिस्क आणि पेनड्राइव्ह. रेडची डिस्क गायब. अपेक्षितच होतं, २०१३ च्या विंडोजला त्यानंतर आलेला रेड कंट्रोलर कुठून माहिती असणार. ड्रायव्हर डाउनलोड केला, लोड ड्रायव्हर केलं, तर यादी रिकामी. इथे माझी चूक. कंपनीच्या साइटवरचा सगळ्यात नवीन ड्रायव्हर उचलला होता, तो विंडोज सर्व्हर २०१६ च्या पुढचा. ड्रायव्हरसोबतची आयएनएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडली की मॅन्युफॅक्चरर सेक्शनमध्ये शेवटी आकडा असतो, १०.० असेल तर विंडोज १०, सर्व्हर २०१६ आणि पुढचे, ६.३ असेल तर ८.१ आणि २०१२ आर२. माझ्याकडच्या फाइलमध्ये फक्त १०.०. जुन्या व्हर्जनच्या यादीत खाली खाली जाऊन ६.३ वाला शोधला, तो लोड झाला, डिस्क दिसली. साडेदहा वाजले होते. मी खूष. आता फक्त नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश.

फिनिश दाबल्यावर ०एक्स८००४२४१२. मजकूर असा की सिस्टम डिस्क रिकव्हर करायला वापरता येईल अशी डिस्क सापडत नाही.

आता इथून पुढचे पाच तास मी जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण हे प्रकरण लिहायचं कारणच ते पाच तास आहेत. एरर म्हणते "वापरता येईल अशी डिस्क सापडत नाही" आणि माझ्या डोक्यात नुकताच ड्रायव्हरचा घोळ होऊन गेलेला, त्यामुळे मी वाचलं "डिस्क सापडत नाही". "वापरता येईल अशी" हे शब्द डोळ्यांनी पाहिले आणि डोक्यात गेलेच नाहीत. मग काय, ड्रायव्हरच अर्धवट असेल म्हणून ६.३ ची आणखी दोन व्हर्जन लावून बघितली. कंट्रोलरचं फर्मवेअर अपडेट केलं, ते पण लेगसी मोडमधून, धाकधूक करत. डिस्क क्लीन केली, एमबीआर केली, परत क्लीन केली. रेड व्हॉल्यूम डिलीट करून नवीन बनवला, स्ट्राइप साइज बदलून बनवला. पेनड्राइव्ह डिस्क ० म्हणून येतोय त्याचा घोळ असेल म्हणून रिकव्हरी उठल्यावर पेनड्राइव्ह काढून बघितला. प्रत्येक वेळी सर्व्हर रीस्टार्ट, आणि सर्व्हरचं रीस्टार्ट म्हणजे मेमरी मोजणार, कंट्रोलर उठणार, पंखे जेट विमानासारखे बोंबलणार, सहा-सात मिनिटं आपण दगडासारखं बसायचं. मध्ये स्टोअरवाले काका येऊन चहा ठेवून गेले, तो तसाच गार झाला.

साडेतीनला ज्युनियर मोबाइलवर कालचे फोटो बघत होता. म्हणाला, "दादा, जुनी डिस्क ९३१ जीबी होती, ही ८९३ का?"

मी गप्पच बसलो.

जुन्या डिस्क १ टीबीच्या, म्हणजे १००० अब्ज बाइट, विंडोज त्याला १०२४ ने तीनदा भागतं आणि ९३१ दाखवतं. नव्या एसएसडी ९६० जीबीच्या, त्याच हिशोबाने ८९४, कंट्रोलर स्वतःची थोडी जागा ठेवतो तशी ८९३. म्हणजे नवी डिस्क ३८ जीबीने लहान. मनात आपण ९६० आणि १ टीबी एकच धरतो, दुकानदार पण तसंच सांगतो, "सेमच आहे ओ, एसएसडीत ९६० च येतं." आणि विंडोज सर्व्हर बॅकअपचा नियम असा की ज्या डिस्कवर सिस्टम होती ती मूळ डिस्क जेवढी, तेवढी किंवा तिच्यापेक्षा मोठीच डिस्क पाहिजे. आत डेटा किती याला काही किंमत नाही. आमचा डेटा सगळा मिळून ३४० जीबी, ८९३ मध्ये दोनदा बसला असता, पण तो बघतच नाही. तो डिस्कचा आराखडा जसाच्या तसा उभा करतो, मूळ डिस्क जिथे संपत होती तिथपर्यंत जागा पाहिजे म्हणजे पाहिजे.

आता मार्ग काय. ज्युनियर म्हणाला, दोन्ही एसएसडीचं रेड ० करा, म्हणजे दोन्ही जोडून एकच डिस्क, १७८७ जीबी होतील, एरर जाईल. बरोबर होतं, गेली असती. पण जो सर्व्हर डिस्क जाऊन मेला तो आता एक डिस्क गेली तरी मरेल अशा अवस्थेत सोमवारी उभा करायचा, हे मला काही पटेना. दुसरा मार्ग, व्हीएचडीएक्समधून हाताने फाइल्स नवीन पार्टिशनवर ओढायच्या आणि बूट फाइल्स बीसीडीबूटने परत लिहायच्या. होतं ते, यूईएफआय पण करता येतं त्यात, पण डोमेन कंट्रोलरच्या बाबतीत, पाच तास डोकं आपटून झाल्यावर, रविवारी संध्याकाळी, मी नाही करणार. तिसरा, मोठ्या डिस्क आणायच्या. कोल्हापुरात रविवारी साडेतीनला सर्व्हरच्या एसएसडी कोण देणार?

सीसीटीव्हीवाला देतो. ओळखीतला एक जण रविवारी पण फिटिंग करत असतो आणि त्याच्याकडे २ टीबीच्या सर्व्हेलन्स डिस्क कायम असतातच. दोन आणल्या, साडेतीन इंची, ट्रेमध्ये बसल्या, कंट्रोलरने कुरकुर करत घेतल्या, रेड १ केलं, १८६२ जीबी. एमबीआरची २ टीबीची मर्यादा आहे त्याच्या आत. कॅमेऱ्याच्या डिस्क सर्व्हरला लावायच्या नसतात हे मला माहितीय, तीन आठवड्यांचा प्रश्न होता. आणि एसएसडी मुद्दाम काढून बाजूला ठेवल्या, रिस्टोअर करताना फॉरमॅट अँड रीपार्टिशन हा पर्याय असतो तो समोर दिसेल ती डिस्क पुसायला निघतो.

सहाला रिस्टोअर सुरू, आठच्या आधी संपलं. एरर नाही. रीस्टार्ट. निळी स्क्रीन, उदास चेहरा, इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. जुन्या लोकांच्या भाषेत झिरो एक्स सेव्हन बी.

ह्याचा मात्र मला धक्का बसला नाही. रिकव्हरीत लोड केलेला ड्रायव्हर हा रिकव्हरीपुरता असतो, ती रॅममध्ये चालणारी छोटी विंडोज असते, बंद झाली की विसरली. रिस्टोअर झालेल्या विंडोजला अजून जुनाच कंट्रोलर माहिती. ती बिचारी उठते, डिस्क शोधते, दार उघडायची किल्ली जुन्या घराची. तर परत पेनड्राइव्हवरून उठायचं, ड्रायव्हर लोड करायचा म्हणजे डिस्क दिसते, आणि मग तोच ड्रायव्हर डिझम या कमांडच्या अॅड-ड्रायव्हरने आतल्या विंडोजमध्ये घालायचा. दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, ड्राइव्हची अक्षरं. रिकव्हरीत सी म्हणजे बहुतेक वेळा ती छोटी सिस्टम रिझर्व्ह्ड पार्टिशन असते, खरी विंडोज डीवर गेलेली असते, आधी डीआयआर मारून विंडोज नावाचं फोल्डर कुठे आहे ते बघा आणि मगच कमांड द्या. दोन, स्क्रॅच डिरेक्टरी. डिझम तात्पुरत्या फाइल्स एक्स ड्राइव्हवर टाकायला बघतो, ती रॅममधली, तिथे नीट जागा नसते, म्हणून डीवर टेंप फोल्डर करून स्क्रॅचडिरला तोच द्यायचा. १ ऑफ १ इन्स्टॉलिंग आलं, सक्सेसफुल आलं, रीस्टार्ट.

गोल गोल ठिपके फिरले, "गेटिंग डिव्हाइसेस रेडी", आणि मग लॉगिन स्क्रीन. ज्युनियरने टाळी वाजवली. मी नाही वाजवली, कारण लॉगिन केल्यावर अप्लायिंग कॉम्प्युटर सेटिंग्जवर तो सात-आठ मिनिटं बसला, आणि डोमेन कंट्रोलर असं बसला की समजायचं डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला) स्वतःचा पत्ता माहिती नाही.

तसंच होतं. नेटवर्क कार्ड नवीन, विंडोजने त्याला नवं कोरं कनेक्शन दिलं, आयपी आपोआप घेणारं. जुना १९२.१६८.१.२ हा पत्ता जुन्या कार्डावर, जे मशीनमध्ये नाहीच. सगळ्या ३५ पीसींचा डीएनएस १.२ वर. नव्या कार्डाला १.२ द्यायला गेलो तर तो म्हणतो, हा पत्ता आधीच दुसऱ्या अडॅप्टरला दिलेला आहे जो आता कॉम्प्युटरमध्ये नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यूमध्ये जाऊन शो हिडन डिव्हाइसेस, फिकट रंगात जुनी कार्डं दिसतात, ती अनइन्स्टॉल, मग पत्ता द्यायचा. दिल्यानंतर पण नेटवर्क पब्लिक दाखवत होतं, म्हणजे फायरवॉल सगळं अडवणार, नेटवर्क लोकेशन अवेअरनेस सर्व्हिस रीस्टार्ट केली तेव्हा डोमेन आलं. डोमेन कंट्रोलर एकच असल्यामुळे दुसऱ्या डोमेन कंट्रोलरशी बदलांचे नंबर जुळण्याची भानगड नव्हती, दोन असते तर मी जुन्या बॅकअपवरून असा बिनधास्त उठवला नसता.

एक गोष्ट नशिबाने दिसली. इव्हेंट लॉग बघत होतो, भिंतीवरच्या घड्याळात ११:१०, लॉगमध्ये ५:४०. बरोबर साडेपाच तास मागे. रिफर्बवाल्याने बायॉसचं घड्याळ ग्रीनिचवर ठेवलेलं आणि विंडोज बायॉसचं घड्याळ स्थानिक वेळ म्हणून वाचतं. डोमेनचं लॉगिन तपासणाऱ्या कर्बेरॉसला पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, सकाळी कुणाचंच लॉगिन झालं नसतं आणि मी परत ड्रायव्हर शोधत बसलो असतो, माझा काही भरवसा नाही. वेळ दुरुस्त केली, एसक्यूएलचे डेटाबेस उघडून बघितले, सगळे ऑनलाइन. घरी पोचलो तेव्हा साडेबारा.

सोमवारी सकाळी पीसी सगळे आले, ईआरपी आलं, टॅली मात्र एज्युकेशनल मोडमध्ये. टॅलीचं लायसन्स मशीनला बांधलेलं, जुनं मशीन जिवंत असतं तर सरेंडर केलं असतं, आता ते मेलेलं, म्हणून अकाउंट ज्याच्या मेल आयडीवर आहे त्याने रीसेट करायचं. आणि तो मेल आयडी कुणाचा? तोच, नोकरी सोडून गेलेल्याचा. त्याला फोन केला, भला माणूस, ओटीपी सांगितला. विंडोज पण अॅक्टिव्हेट होईना, ओईएम लायसन्स, जुन्या मशीनबरोबर आलं आणि त्याच्याबरोबरच गेलं. हे मालकांना सरळ सांगितलं की हे असं कायम चालवता येणार नाही, नवीन लायसन्स घ्यावंच लागेल. या वेळी "चालतंय की" आलं नाही.

जुलैमध्ये सर्व्हर २०२२ स्टँडर्ड घेतलं, त्यात दोन व्हीएमची (सर्व्हरच्या आत चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनची) मुभा असते, एसएसडीवर बसवलं, व्हीएम चालवणारं हायपर-व्ही चालू केलं आणि जुना सर्व्हर त्याच्या आत व्हीएम म्हणून रिस्टोअर करायचं ठरवलं. जनरेशन १ चं व्हीएम, कारण आतली विंडोज बायॉसवाली. आता गंमत बघा. ताजा बॅकअप घेतला होता तो कॅमेऱ्याच्या डिस्कवरून, म्हणजे आता बॅकअपच्या मते मूळ डिस्क १८६२ जीबी! सवयीने १००० जीबीची व्हर्च्युअल डिस्क दिली आणि परत तेच ८००४२४१२. या वेळी मात्र दहा सेकंद लागले. डायनॅमिक व्हीएचडीएक्स १९०० जीबीची केली, खरी जागा ८९३ असली तरी ती आत जेवढा डेटा तेवढीच फुगते. दोन तासांत रिस्टोअर, पहिल्याच झटक्यात बूट, ड्रायव्हर घालायची गरज नाही, फक्त नेटवर्क कार्डाचं भूत परत काढावं लागलं.

२ टीबीच्या दोन डिस्क निघाल्या त्या मी स्पेअर म्हणून कपाटात ठेवायला दिल्या होत्या. परवा गेलो तर स्टोअरवाल्या काकांनी त्यातली एक गेटच्या कॅमेऱ्याला बसवून घेतली होती. दुसरी पण मागत होते.